लाल रेघ

नाताळ झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामा मंडळीची वही घेऊन देवळाच्या ओट्यावर उन्हाला बसतात. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आजी म्हणायची, तिची आईही म्हणायची. दगडी भिंती, वर पत्रे, दारात कडुनिंब आणि त्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तीच आमची घंटा. शनिशिंगणापूर इथून फार लांब नाही. पलीकडच्या रस्त्यावरून शिर्डीहून निघालेल्या जीपगाड्या शिंगणापूरकडे धावत असतात आणि सुट्टीच्या दिवसांत त्यांची धूळ खाली बसत नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमची वार्षिक सभा असते. मामा खजिनदार. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे हिशेब आणि अक्षर दोन्ही चोख. पाळकसाहेबांकडे चार-पाच गावं आहेत, ते महिन्यातून दोनदा येतात. उरलेल्या रविवारी उपासना मामाच चालवतात. यंदा मी पुण्याहून सुट्टी जोडून आले होते. म्हटलं, "मामा, तुम्ही सांगा, अहवाल मी लिहून देते."

वही हातात घेतली, पानं उलटली, आणि आमच्या घराच्या पानावर माझं नाव दिसलं. त्यावर लाल रेघ होती.

"मामा, माझं नाव खोडलं?"

"खोडलं कुठं? लाल रेघ म्हणजे बाहेरगावी. काळी म्हणजे प्रभूत निद्रिस्त."

"मग सभेत मंडळी किती म्हणून सांगणार?"

"ज्यांच्यावर रेघ नाही तेवढी."

मी पुढची पानं बघत गेले. चाकण, रांजणगाव, वाळूज, मुंबईतली हॉस्पिटलं. आमच्याकडच्या पोरी नर्स होतात, पोरं कंपनीत लागतात, हे आता दोन पिढ्यांचं झालं. कित्येक पानांवर शाईपेक्षा लालच जास्त होतं. माझा बाप्तिस्मा या देवळातला, शब्बाथशाळा इथली, दृढीकरण इथलं, लग्नही इथंच झालं. एका रेघेनं मी मोजणीतून बाहेर.

"नाताळला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती," मी म्हटलं. "मांडव घालावा लागला. ती मंडळी नव्हती का?"

"ते पाहुणे," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "राग मानू नको. जुलैत धाकट्या वस्तीवरच्या आजी गेल्या. पाऊस लागलेला, बुधवार होता. पेटी उचलायला माणसं हवीत आणि खड्डा खणायलाही. मी वहीतली बिनरेघेची नावं डोळ्यांपुढं आणली. एकाची कंबर गेलेली, एक दवाखान्यात, दोघं साठीच्या पुढचे. तुझा फोन आला, तू रडलीस, ते मला माहीत आहे. पण पेटी उचलायला माणूस इथं असावा लागतो. मी रविवारची हजेरी मांडतो ती एवढ्यासाठी. बुधवारी पावसात हाक मारली तर कोण येईल, हे मला कळायला हवं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं विचारलं, "मग उचलली कुणी?"

"शेजारचा ऊसवाला आणि त्याचे दोघे भाऊ. शिंगणापुरात पूजेच्या ताटांचं दुकान आहे ना, तेल, काळं कापड, रुईचे हार विकतो तो पोरगा, तोही आला. दुकान बायकोवर टाकून. खड्डा त्यानंच खणला. गुडघ्याएवढं पाणी साचत होतं, बादलीनं उपसत होता."

"त्यांची नावं कुठं लिहिलीत?"

मामांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी ती कुठंच लिहिली नव्हती.

मला वाटतं, आमचा वाद खरा इथून सुरू झाला. मोजायचं कुणाला, यापेक्षा कुणासाठी, हा प्रश्न जुना आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ साली पडलं. घोडेगावच्या पुढं हमरस्त्यावरच्या वडाळ्याला फेअरबँक साहेब राहायचे, पक्ष्यांचा आणि शंखशिंपल्यांचा अभ्यास करणारे. या ठाण्यांवरून दर वर्षी अहवाल जायचे: बाप्तिस्मे किती, प्रभुभोजनाला बसणारे किती, शाळेत पोरं किती. वाचणारे बोस्टनला बसलेले. पैसा तिथून यायचा, म्हणून हिशेबही तिकडं जायचा. १८७६ ते ७८च्या दुष्काळात आकडे एकदम फुगले. आमच्या घरातलं पहिलं नाव त्याच सुमाराचं आहे.

"भाकरीसाठी गेले, असं लोक म्हणतात," मामा म्हणाले. "मला त्याची लाज वाटत नाही. भुकेल्या माणसाला ज्यानं ताटावर बसवलं, त्याच्या पंगतीला तो राहिला. पुढं पाऊस आला, पिकं आली, तरी उठून गेला नाही. दीडशे वर्षं होत आली. ते मोजा की."

"तेच म्हणते मी. टिकून राहणं मोजा. मी पुण्यात राहूनही टिकून आहेच ना?"

"पुण्याच्या मंडळीत टिकून आहेस. तिथल्या वहीत तुझं नाव असेल. नसेल तर ती काळजीची गोष्ट."

नव्हतं. ते मी मामांना तेव्हा सांगितलं नाही. पुण्यात मी तीन ठिकाणी जाऊन बसते, कधी या उपासनेला, कधी त्या. रात्रपाळी असली की कुठंच नाही. मला वाटायचं, माझी मंडळी इथं आहे, म्हणून तिथं नाव घालायची घाई नाही. आणि इथं लाल रेघ.

पैशावरून वाद आणखी खोल गेला. वेदीच्या वरचा पत्रा गळतो. पावसाळ्यात प्रभुभोजनाचं टेबल भिंतीकडं सरकवावं लागतं. मामांना यंदा पत्रे बदलायचेत. मी म्हटलं, "एवढंच ना? आमच्या ग्रुपवर टाकते. पुण्या-मुंबईचे सगळे मिळून आठ दिवसांत जमवतील."

"नको."

"का?"

"अँडरसन साहेबांचं माहीत आहे तुला?"

मामा 'ज्ञानोदय' नेमानं वाचतात. १८४२ साली नगरलाच निघालेलं मासिक, आमच्या घरात त्याचे जुने अंक ट्रंकेत आहेत. अशा गोष्टी त्यांना तोंडपाठ. रूफस अँडरसन हे हे मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाचे चिटणीस. १८५४-५५ साली ते हिंदुस्थानात पाहणीला आले, नगरलाही आले. त्यांचं म्हणणं असं, की मंडळीनं आपला पाळक आपण नेमावा, आपला खर्च आपण भागवावा, आपली सुवार्ता आपण सांगावी. हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास.

"तेव्हापासून आपल्याला सांगून ठेवलंय," मामा म्हणाले, "बाहेरचा पैसा आला की मंडळी हात पसरायला शिकते. बोस्टनचा पैसा थांबला तेव्हा कितीतरी गावची देवळं पडली. शाळा गेल्या, मास्तर गेले, भिंती ढासळल्या. का? लोकांना वाटायचं, देऊळ मिशनचं आहे. आपलं आहे असं वाटलंच नाही. आता तू म्हणतेस पुण्याहून पाठवते. पुणं आमचं बोस्टन होईल बघ."

हे मला लागलं. आजही मला ते पूर्ण पटत नाही, पण बाजूला सारताही येत नाही. मी म्हटलं, "बोस्टनचे लोक कधी या ओट्यावर बसले नव्हते. आम्ही इथं गुडघे फोडून घेतलेत. आणि आजीचं गाडगं आठवतं ना तुम्हाला?"

आठवत होतं. आजी भाकरीचं पीठ परातीत घ्यायची. मळायच्या आधी एक मूठ उचलून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची, मगच पाणी घालायची. बाजरी असो, ज्वारी असो, घरात चार माणसं असोत की दहा. शनिवारी संध्याकाळी गाडगं फडक्यात रितं करायचं आणि रविवारी ते फडकं वेदीपाशी ठेवायचं. पाळकाच्या घरची चूल त्यावर चालायची. ते गाडगं अजून आहे, काठाला तडा गेलेला, आत मामींचे खिळे-बटणं असतात.

"ती मूठ रोजची होती," मामा म्हणाले. "स्वैपाक करताना रोज मंडळीची आठवण व्हायची. तू वर्षातून एकदा बटण दाबशील आणि विसरशील."

"मग रोजची पाठवू?"

"रोजची नको. महिन्याची पाठव. पण पाच हजार एकदम नकोत. दोनशे पाठव, दर महिन्याला, न चुकता. आणि सगळ्यांचे पैसे येऊ देत, पण इथल्या लोकांनी पत्र्याचे निम्मे स्वतः घातल्यावर. आधी नाही."

मी ते लिहून घेतलं. अहवालातलं हे पहिलं कलम, ज्यावर आमचं दोघांचं जमलं.

रविवारच्या हजेरीचं मात्र जमेना. मामांचा हिशेब असा, की दिवाळीनंतर हजेरी पडते आणि पाडव्यापर्यंत वर येत नाही. मुळा कारखान्याचं गाळप सुरू झालं की सोनईच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रीघ लागते, बापे तिकडं. हे जुनंच. नवं कारण तरण्या पोरांचं. आमची सहा-सात पोरं शिर्डी-शिंगणापूर जीपवर ड्रायव्हर आहेत. शनिवारी भाविक, रविवारी सुट्टीचे प्रवासी. शनी अमावास्येला तर बोलायलाच नको. रविवारी सकाळी नऊला जो ड्रायव्हर देवळात बसेल त्याचा आठवड्याचा धंदा गेला.

"मग उपासना रात्री आठला ठेवा," मी म्हटलं.

"रविवारची सकाळ ही पुनरुत्थानाची सकाळ आहे. आपल्या बापजाद्यांनी शेतमालकाची बोलणी खाल्ली, पण रविवारी सकाळी कामावर गेले नाहीत. आणि आता जीपच्या भाड्यासाठी ती सोडायची?"

"त्यांना सोडायला लागते, म्हणून ती येत नाहीत. गाडीचा हप्ता त्यांच्या डोक्यावर आहे, मामा. सहा पोरं वर्षभर बाहेर राहिली तर पुढच्या वर्षी सकाळीही कुणी उरणार नाही. आणि पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळीसुद्धा प्रभू घरात आला होता की. दारं लावून बसले होते त्यांच्यात."

मामा हसले नाहीत, पण मान हलवली. वचन त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बराच वेळ त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "महिन्यातून एक. शेवटचा रविवार. सकाळचीही होईल आणि रात्रीचीही. दोन्ही मी घेईन."

"तुमची तब्येत?"

"ते माझं मी बघेन."

दारांचा विषय निघालाच होता, म्हणून कुलपाचंही काढलं. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. यूको बँकेनं २०११ साली तिथं बिनकुलपाची शाखा काढली, ती बघायला लोक लांबून यायचे. आणि आमच्या देवळाला पितळी कुलूप, किल्ली मामांच्या कमरेला. मला ते संध्याकाळी उघडं हवंय, दहावीच्या पोरांना अभ्यासाला. त्यांच्या घरी एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही. मामांचं म्हणणं, त्या गावाचा विश्वास पिढ्यांचा आहे, उसना आणता येत नाही. उघडं ठेवलं तर शेरडं शिरतात. कुणीतरी बसायला हवं. जीपवाल्यांपैकी एकाची बायको बारावी झालेली आहे, ती बसेल, मी विचारून आले होते. त्यावर मामा म्हणाले, बसणार असेल तर किल्ली तिच्याकडंच द्या, आणि पंचांतही तिचंच नाव घाला. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आलं २०१६च्या पाडव्याला, तेव्हा मामांनी सभेत उभं राहून आपल्या पंचांत बाई का नाही, असं विचारलं होतं. ते मी विसरले होते. मी भांडायच्या तयारीनं गेले होते आणि दार उघडंच होतं.

सगळ्यात अवघड गोष्ट आम्ही शेवटाला ठेवली. वहीच्या मागच्या पानावर मामांनी पेन्सिलीनं काही नावं लिहिली होती. पेनानं नाही.

"ही कोण?"

"येणारे. दर रविवारी मागच्या बाकावर बसतात. गाणी पाठ आहेत. बाप्तिस्मा घेतलेला नाही."

"का, ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर पेन्सिल."

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना मिळाल्या, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला अजून नाहीत. ज्या पोराला शिष्यवृत्तीवर कॉलेज करायचंय, ज्या बापानं जातीच्या दाखल्यावर सगळी आशा लावलीय, त्याच्यासाठी बाप्तिस्म्याच्या पाण्याची किंमत फार आहे. म्हणून तो मागच्या बाकावर बसतो. माझं मत मी सरळ सांगते: माणसानं कुणाची प्रार्थना करावी यावर त्याच्या पोराची फी ठरावी, हे मला अन्यायाचं वाटतं. पणजोबा ज्या वस्तीत जन्मले, तीच वस्ती आजही गाव त्यांच्या पतवंडांना दाखवतं. जात बाप्तिस्म्यानं धुऊन निघाली असं कागद म्हणतो, पाणवठा म्हणत नाही.

"त्यांना मंडळीत धरा," मी म्हटलं. "टिळकांनी धरलं होतं."

नारायण वामन टिळकांचं नाव आमच्याकडं घरातल्या माणसासारखं निघतं. राहुरी इथून जवळच. टिळक आणि लक्ष्मीबाईंचा तिथला संसार 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथं बरोबरीनं. दोनच वर्षांत, १९१९च्या मे महिन्यात, टिळक गेले.

"टिळक मोठे," मामा म्हणाले. "पण दरबार त्यांच्यामागं टिकला नाही आणि मंडळी टिकली. का, ते सांगू? मंडळीत वही होती. माणूस कुठल्या दिवशी आत आला, कुणी हात धरून आणला, लग्न कुणाशी, माती कुठं, हे सगळं लिहिलेलं. बाप्तिस्मा म्हणजे सगळ्यांसमोर हो म्हणणं. ते हो त्यांच्या वतीनं मी पेनानं कसं लिहू? आणि लिहिलं आणि वही कुणाच्या हातात पडली, तर त्या पोराचा दाखला जाईल. मी पेन्सिलीनं लिहितो ते त्यांना कमी लेखून नाही."

हे मी ओळखलं नव्हतं. पेन्सिलीतला तो जपून ठेवलेला हात मला दिसला नव्हता. टिळकांचं म्हणणं मला अजूनही जास्त जवळचं वाटतं. पण त्या मागच्या पानाबद्दल मी पुन्हा बोलले नाही, आणि ती नावं इथं लिहिण्याचा प्रश्नच नाही.

ऊन कडुनिंबाच्या पलीकडं गेलं. मामींनी चहा पाठवला. मामांनी वही पुन्हा पुढं ओढली, कोरं पान काढलं, वर तारीख घातली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या रुईच्या हारवाल्याचं आडनाव काय गं? पूर्ण नाव माहीत नाही मला." मी ऊसवाल्याच्या पोराला फोन लावून विचारलं. मामांनी चौघांची नावं निळ्या शाईनं लिहिली. वर मथळा घातला : आजींच्या मातीला आलेले. पुढं रकाना आखला, पण त्यात काय लिहायचं ते त्यांना सुचेना, म्हणून मोकळाच ठेवला. सभेत ही नावं वाचायची आणि शिंगणापूरला जाऊन त्या पोराला सलाम सांगून यायचं, एवढं ठरलं.

मग ते आमच्या घराच्या पानावर आले.

"लाल रेघ मी पुसत नाही," ते म्हणाले. "तू इथं राहत नाहीस हे खरं आहे, खोटं लिहिणार नाही. पण पुढं जागा आहे. वर्षातून किती रविवार येशील, ते तुझ्या हातानं लिही."

"बारा," मी पटकन म्हटलं.

"रात्रपाळ्या धरून सांग."

मी मोबाइल काढून पुढच्या महिन्याच्या ड्युटीचा तक्ता बघितला. पुण्याहून नगर, नगरहून घोडेगाव, पुढं मिळेल ती गाडी. मुलाची शाळा. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये. पेन हातात धरून बसले तेवढ्यात रस्त्यावरून दोन जीप गेल्या. मग मी लिहिलं : सहा. आणि त्याखाली, मामांनी न विचारता : पुण्याच्या मंडळीत नाव घालणे, जानेवारी.

मामांनी दोन्ही ओळी वाचल्या. दुसऱ्या ओळीवर जरा थांबले, माझ्याकडं बघितलं, पण काही विचारलं नाही.

"सहातला पहिला कुठला?"

"जानेवारीचा शेवटचा. रात्रीच्या उपासनेचा."

"आठला सुरू होईल," ते म्हणाले, आणि तारीख लिहून घेतली.